भिंतीपलीकडची पावलं

हे गेल्याला आता वर्ष होत आलं. दुकानाचा गाळा दिराने रिकामा करून दिला. टेबलं-खुर्च्या विकल्या, मॉनिटर भंगारात गेले. उरलं ते एक पोतं, हेडफोनचं. ते माझ्या पडवीत पडून आहे. दीर आला की विचारतो, "वहिनी, हे पोतं देऊन टाकू का?" मी "राहू द्या" म्हणते. त्याला वाटतं की मी अजून सावरलेली नाही. सावरण्याचा आणि त्या पोत्याचा काही संबंध नाही. मला त्या पोत्याचा राग येतो, आणि जिचा राग येतो ती वस्तू मला टाकून देता येत नाही. स्वभाव आहे.

नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत माझ्या आईने पाळली, मी मराठी शिकवणारी बाई असूनही पाळली, आणि आता मोडून तरी काय करायचं. म्हणून इथे ते 'हे'च राहतील.

हे मूळचे शिरड शहापूरचे. नव्वदच्या दशकात हिंगोलीत येऊन यांनी एसटीडी बूथ टाकला होता. काचेच्या खोक्यात उभं राहून माणसं पुण्याच्या पोराला एवढ्या मोठ्याने हाका मारत की फोनची गरजच नव्हती, असं हे म्हणत. मोबाइल आले तसा बूथ बसला, आणि यांनी त्याच गाळ्यात नेट कॅफे काढला. सुरुवातीला निकाल बघायला आणि अर्ज भरायला गर्दी व्हायची. मग ब्रॉडबँड आलं आणि पाठोपाठ तो गोळीबाराचा खेळ.

खेळ मी कधी खेळले नाही, पण इतक्या वेळा ऐकला आहे की मला तो पाठ झाला आहे. दोन टोळ्या असतात. एकीने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही. गल्ल्या, भिंती, बोळ असतात आणि शत्रू कोपऱ्याआड दबा धरून बसलेला असतो. तो दिसण्याआधी त्याच्या पावलांचा आवाज येतो. म्हणून हेडफोन महत्त्वाचा. मुलं आधी आपापसात खेळायची. नंतर पुण्याकडे कुणीतरी चालवत असलेल्या एका सर्व्हरवर जाऊन दुसऱ्या शहरांतल्या मुलांशी खेळू लागली, आणि हिंगोलीची मुलं तिथे जिंकू लागली. आमच्या गाळ्यात त्या दिवसांत जो उत्साह होता, तो जिल्हा नवा झाला तेव्हाही मी पाहिला नव्हता.

सगळ्यांत चांगला खेळायचा तो सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा मुलगा. हिंगोलीत खोली करून डी.एड. करत होता, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. अबोल होता. आला की हळूच नमस्कार करायचा, कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचा, उठताना खुर्ची टेबलाखाली सरकवून जायचा. खुर्ची सरकवणारं ते एकच गिऱ्हाईक. त्याच्या खालोखाल नंबर बियाणेवाल्याचा. म्हणजे त्याच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तो दिवसभर बोलायचा, हरला तरी आणि जिंकला तरी.

आता यांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथून आहे. हे एक मशीन नीट तयार करायचे, नांदेडच्या रस्त्यावर घेतलेल्या सीडीवरून त्यात खेळ घालायचे, आणि त्याचीच हुबेहूब नक्कल बाकीच्या सगळ्या मशीनवर उतरवायचे. मग ती मशीन 'गोठवायचे'. तसा एक प्रोग्रॅम होता. मुलांनी दिवसभरात काहीही घातलं, काहीही बिघडवलं, तरी मशीन बंद होऊन चालू झालं की सगळं पुसलं जाऊन पुन्हा मूळच्यासारखं. आमच्याकडे वीज तर रोज जायचीच. त्यामुळे मशीन रोज आपोआप स्वच्छ व्हायची. यांना त्याचा फार अभिमान होता. "इथं सगळे बोंब मारतेत लाइट गेली म्हणून," हे म्हणायचे, "आन आपले मशीन आंगोळ करून घेतेत."

एका दुपारी मी शाळेतून परतताना गाळ्यात डोकावले, तर खेळ थांबलेला. सगळ्या पडद्यांवर एकच ओळ होती. तुम्हाला या सर्व्हरवर मनाई आहे, कारण फसवणूक.

"कुणी केली?" मी विचारलं.

"त्येच तर कळंना," हे म्हणाले.

बाहेरून पाहणाऱ्याला आमचा सगळा कॅफे एकच दिसतो, हे मला त्या दिवशी समजलं. दहा जण बसले असोत की एक, पत्ता एकच. त्यातल्या एकाने चोरी केली की दार सगळ्यांना बंद. चोरी कसली, तर खेळाच्या आतल्या फायली बदलायच्या. कुणी भिंती पारदर्शक करतं, कुणी नेम आपोआप लागेल असं काही घालतं. त्याला मुलं 'मॉड' म्हणत.

यांनी मला सर्व्हर चालवणाऱ्याला इंग्रजीत मेल लिहायला लावला. मी लिहिला. आमच्याकडे असलं काही नाही, मशीन रोज पुसली जातात, कृपया पुन्हा तपासावं. व्याकरण तीनदा पाहिलं. उत्तर आलं ते एका ओळीचं. पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, पुरावा द्या.

मी इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवले, पण एखादी गोष्ट केली नाही याचा पुरावा कसा द्यायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. केली असेल तर खूण राहते. केली नसेल तर काय राहतं?

मी पुन्हा लिहिलं. मग त्या माणसाने एका सामन्याचं चित्रण पाठवलं. ते आपल्याच मशीनवर, खेळातच उघडून बघायचं असतं. उतरवून घेण्यातच अख्खी दुपार गेली. सगळे एका पडद्याभोवती जमले, हेडफोनऐवजी स्पीकर लावला. चित्रण मास्तरच्या खेळाचं होतं. तो एका बोळातून चाललेला दिसत होता. अचानक तो उजवीकडच्या भिंतीकडे बंदूक वळवून थांबला. भिंतीपलीकडून शत्रू आला आणि आल्याआल्या पडला. असं पुन्हा पुन्हा. खाली सर्व्हरवाल्याने विचारलं होतं, माणूस दिसायच्या आधी हा वळतो कसा?

"अबे, पावलं ऐकू येऊन राहिली ना!" बियाणेवाला ओरडला. "भैरा बी वळंल. वहिनी, लिवा त्याला, कान साफ कर म्हनाव."

खरंच येत होती. मीसुद्धा ऐकली, धप्प धप्प. मी तसं लिहिलं, कान साफ करण्याचा भाग सोडून. उत्तर आलं, एवढ्या अंतरावरून पावलं ऐकू येत नाहीत, खोटं बोलू नका.

आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्या माणसाचा हेडफोन भंगार असणार. आज मला त्या निर्णयाची आठवण झाली की डोकं टेबलावर आपटावंसं वाटतं. उत्तर समोर लिहून आलं होतं, आणि आम्ही त्याला हसलो.

पण त्याच मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती. ज्याने केलं त्याचं नाव कळवा, त्याला काढा, बाकीच्यांना मोकळं करू.

या एका ओळीने गाळ्यातली हवा बदलली. नांदेडला दिवाळीच्या सुट्टीत पाच-पाच जणांच्या संघांची स्पर्धा होती. त्याआधी सर्व्हरवर सराव हवा होता. काल ज्यांनी मास्तरची बाजू घेतली, तेच आज त्याच्या पाठीमागे उभे राहून त्याच्या पडद्यात डोकं घालू लागले. त्याने नेम धरून मारलं की म्हणायचे, "पाह्य, लावलंय त्यानं." त्याचा नेम चुकला की म्हणायचे, "पाह्य, आपन उभं हाव म्हणून बंद करून ठिवलंय." त्याला दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथेही चांगला खेळला, तर म्हणाले, खिशात पेन ड्राइव्ह असणार. खिसे पाहिले, काही नव्हतं. तर म्हणाले, लाइट गेली ना मघाशी, पुसलं असंल सगळं. यांची ती रोजची आंघोळ आता प्रत्येक मशीनचा पुरावा धुऊन टाकत होती. या तपासणीत एक गोष्ट मात्र पक्की होती. काहीही निघालं किंवा काहीही निघालं नाही, तरी निकाल तोच.

त्यात त्याच्या हेडफोनच्या वायरवर आवाज कमी-जास्त करायचं जे बारीक चाक असतं, त्याला त्याने लाल दोरा गुंडाळून गाठ मारलेली दिसली.

"हे काय रे मास्तर? हेडफोनला गंडा बांधला काय?" बियाणेवाला म्हणाला.

"ढिलं झालंय ते. फिरतंय," मास्तर म्हणाला.

"फिरतंय का फिरवतंय? भौ, याचा देव बी याच्याच टोळीत हाय!"

सगळे हसले. मास्तरही थोडा हसला, तसा हसायला नको होता. नंतर तो दोरासुद्धा पुरावा झाला.

घरी मी यांना म्हटलं, "अहो, एकाचं नाव घेऊन मोकळे व्हा असं तो सर्व्हरवाला म्हणतो. ही काय रीत झाली?"

"नाव असंच न्हाई देनार मी. आदी खरं काढनार."

"कसं काढणार?"

"बेलभंडारा उचलायला लावतो."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण यांच्या गावाकडे विहिरीवरची मोटर चोरीला गेली, शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुणी कोरला, जनावर कुणाच्या शेतात शिरलं, की शेवटचा उपाय हाच. तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि देवाला साक्ष ठेवून सांगायचं. खोटं बोलणाऱ्याचा हात थरथरतो, असं हे ठामपणे म्हणाले.

"संगणकातली चोरी हळदीने सापडते होय?"

"चोरी संगणकात असंल, चोर तर मानूसच हाय ना?"

या वाक्यावर मी चिडून जेवणावरून उठले. वाक्य बरोबर होतं. फक्त त्याचा आमच्या अडचणीशी काही संबंध नव्हता.

सोमवारी सकाळी हे औंढ्याला जाऊन नागनाथाचं दर्शन घेऊन बेल घेऊन आले. वीज गेलेली होती. मॉनिटर काळे, पंखे बंद, मुलं फिरत्या खुर्च्यांवर, आणि मधे एका ताटलीत भंडारा. मला ते दृश्य बघवत नव्हतं, पण शाळेला सुट्टी होती आणि घर गाळ्याच्या मागेच.

बियाणेवाला पहिला उठला. पान उचललं, भंडारा घेतला आणि म्हणाला, "म्या या खेळात काईच घातलं न्हाई. घातलं असंल तर माझं वाटुळं व्हवो." त्याचा हात अजिबात थरथरला नाही. मग एकेक करून बाकीचे उठले. कुणाचाच हात थरथरला नाही. बोटं पिवळी झाली, एवढंच.

मास्तरची पाळी आली. तो उठला नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच.

"ऊठ ना बाबा," हे म्हणाले.

"भाऊ, आमच्या घरात उचलत न्हाईत."

"खरं असंल तर काहून भ्यायचं?"

"खरं असलं तरी न्हाई. आमच्या आज्यानं एकदा उचलला व्हता, बैलाच्या भांडनात. खराच व्हता आजा. पन त्याच साली त्याचा थोरला गेला. तवापासून बंद हाय."

"आता आज्याची गोष्ट काढली!" बियाणेवाला म्हणाला. "आन आमी काय येडे म्हणून उचलला? आमाला लेकरंबाळं व्हनार न्हाईत?"

"तुज्याशी लगीन कोन करनार हाय?" मागून कुणीतरी म्हणालं, पण या वेळी कुणी फार हसलं नाही. सगळे मास्तरकडे बघत होते. एकाने हळूच म्हटलं, "तांड्यावरचं पोरगं..." हे एकदम गरजले, "तोंड सांभाळ! तांडा काढायचा न्हाई इथं." मला त्या क्षणी यांचा अभिमान वाटला. पुढच्याच क्षणी हे मास्तरला म्हणाले, "पन तू उद्यापासून येऊ नको, बाबा. माझा बी इलाज न्हाई."

मास्तर उठला. खुर्ची टेबलाखाली सरकवली. यांना नमस्कार केला, मला केला, आणि गेला.

"तुम्हाला खात्री आहे?" मी संध्याकाळी विचारलं.

"उचलला का त्यानं?"

"लबाड असता तर सगळ्यांत आधी उचलला असता."

"आसं बी आसंल," हे म्हणाले, आणि मग चिडून, "आता तूच सांग, म्या कसं ओळखायचं?"

माझं म्हणणं तरी कुठे पुरावा होता? तोसुद्धा एक तर्कच, यांच्यासारखा, फक्त शिकलेला. नाव कळवायचा मेल लिहायला मी नकार दिला. तो बियाणेवाल्याने लिहिला, रोमन लिपीत, हिंदीत. मनाई उठली.

मुलं नांदेडला गेली, मास्तरच्या जागी दुसऱ्या कुणाला घेऊन. पहिल्याच फेरीत गारद होऊन परत आली. बियाणेवाला बसमधून उतरला तोच बोलत. "भौ, तिथले हेडफोन म्हंजे निस्ता कचरा. पावलं ऐकूच येईनात. मानूस डोक्यावर येऊन उभा राह्यला तरी कळंना." दुसरे म्हणाले, मास्तर असता तर बरं झालं असतं. ते त्यांना आता आठवलं.

आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत सर्व्हरने आम्हाला पुन्हा मनाई केली. मास्तरला काढून महिना होत आला होता. आता तरी कुणी विचार करावा ना! तर मुलं म्हणाली, जाताना त्याने काहीतरी घालून ठेवलं असणार. मी म्हटलं, "अरे, मशीन रोज पुसली जातात ना?" तर म्हणाले, "तेच तर वहिनी, त्यानं असं घातलंय का पुसल्यावर बी ऱ्हायलं पाह्यजे." या माणसांशी वाद घालणं सोडून मी घरात जाऊन पेपर तपासत बसले.

खरं बाहेर आलं ते एका जळालेल्या मशीनमुळे. एकदा वीज परत येताना एवढ्या जोरात आली की कोपऱ्यातलं मशीन गेलं. यांनी नवं आणलं. नव्या मशीनला जुनी नक्कल काही केल्या चालेना, म्हणून खेळ नव्याने घालावा लागला, कुणीतरी पुण्याहून आणलेल्या दुसऱ्या सीडीवरून. दुसऱ्याच दिवशी तक्रार. "भाऊ, या मशीनचा हेडफोन खराब हाय. पावलं येईनात."

यांनी हेडफोन बदलला. तरी येईनात. पिन पुसली, दुसरा घातला. मग नवीन आणला. नांदेडच्या दुकानदाराला फोनवर शिव्या दिल्या. असे कितीतरी हेडफोन त्या दिवसांत बाद झाले, त्यांचंच हे पोतं. त्यातला एकही बिघडलेला नाही. म्हणून मला त्याचा राग येतो.

एके दिवशी वैतागून यांनी जुनं आणि नवं अशा दोन मशीनना शेजारी शेजारी स्पीकर लावले, खेळाच्या आतल्या आवाजांच्या फायली उघडल्या आणि पावलांची फाइल वाजवली. मी दारात उभी होते. नव्या मशीनवर कुणी मातीत चप्पल घालून चालल्यासारखा बारीक आवाज आला. जुन्यावर धप्प धप्प, शेजारच्या घरात कुणी मिरची कांडत असल्यासारखा. फाइलचं नाव तेच, आवाज निराळा.

हे खुर्चीत बसले ते बसलेच. नांदेडच्या रस्त्यावर घेतलेली ती पहिली सीडी. तिच्यात कुणीतरी पावलं मोठी करून ठेवली होती. यांनी ती मूळ मशीनवर घातली, मूळ मशीनची नक्कल सगळ्यांवर उतरवली, आणि गोठवून टाकली. रोज वीज गेली की मशीन पुसली जायची आणि रोज ती चोरी नव्याने, हुबेहूब परत बसायची. आमची मुलं हा खेळ शिकली तीच त्या आवाजावर. सर्व्हरवाल्याचं चित्रणही आमच्या मशीनने याच आवाजात वाजवलं होतं. त्यांना वाटायचं, सगळ्या जगाला एवढंच ऐकू येतं. आपसात खेळताना सगळ्यांचे कान सारखे, म्हणून कुणाला शंका नाही. आम्ही पाठीमागे उभं राहून पडदे पाहिले, खिसे पाहिले, हात थरथरतात का ते पाहिलं. चोरी कानात होती, आणि ती सगळ्यांच्याच कानात होती. बेलभंडारा उचलणारा प्रत्येक जण खरं बोलला होता.

हे तसेच उठले, मोटरसायकल काढली आणि मास्तरच्या खोलीवर गेले. अर्ध्या तासात त्याला मागे बसवून घेऊन आले. सगळ्या मुलांना बोलावून यांनी ते दोन आवाज ऐकवले. मग हे म्हणाले, "याची काई चूक न्हाई. ज्यानं ज्यानं याला चोर म्हटलं त्यानं आता माझ्याकडं पाहून म्हना."

बियाणेवाल्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. चेष्टेतच म्हणाला असेल, "पन भौ, सीडी तर तुमीच आनली व्हती. तुमाला म्हाईत नव्हतं कशावरून?"

कुणी हसलं नाही. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यांना खरंच माहीत नव्हतं, हे मी जाणत होते. पण ते मी कुणाला कसं दाखवून देणार होते? त्या सर्व्हरवाल्याने माझ्याकडे मागितलं होतं तेच आता गाळ्यातली मुलं न बोलता यांच्याकडे मागत होती.

हे देव्हाऱ्याच्या फळीकडे गेले. तिथे त्या सोमवारची भंडाऱ्याची पुडी होती, बेलाचं वाळलेलं पान होतं. यांनी पान तळहातावर ठेवलं, पुडीत बोटं घातली. आणि यांचा हात थरथरत होता. सगळ्यांना दिसेल इतका.

मास्तर पुढे झाला आणि यांचं मनगट धरलं. "भाऊ, उचलू नका."

"काहून? तुझ्या घरात उचलत नसतीन. माझ्या घरात उचलतेत."

"उचलू नका म्हटलं ना. आमी मानलं." मग तो बाकीच्यांकडे वळला. "मानलं का न्हाई?"

"मानलं, मानलं," बियाणेवाला म्हणाला. "म्या तर निस्ता इचारून राहिलो."

मास्तरने यांच्या हातातलं पान काढून फळीवर ठेवलं. त्याच्यापाशी यांच्या निर्दोष असण्याचा कुठलाही पुरावा नव्हता. तरी ते प्रकरण तिथे मिटलं.

यांनी सगळी मशीन पुसून नव्या सीडीवरून पुन्हा तयार केली. मी पुन्हा एक मेल लिहिला, लांबलचक, सगळा प्रकार कबूल करून. त्याला उत्तर आलं नाही. हे अधूनमधून त्या सर्व्हरवर जाऊन पाहायचे. मनाई होती तशीच. काही महिन्यांनी तो सर्व्हरच बंद पडला, आणि मग आमच्यावर मनाई आहे हे सांगायलाही कुणी उरलं नाही. मास्तर शिक्षक झाला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला. पण हिंगोलीत आला की गाळ्यावर यायचाच. हे त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवायचे आणि चहा सांगायचे. तो गेला की दर वेळी मला म्हणायचे, "निर्दोष पोराला म्या हाकललं. चार लोकांत." मी म्हणायची, "झालं ते. किती वेळा?" हे म्हणायचे, "तुला न्हाई कळायचं." शेवटच्या आजारपणातही हा विषय निघाला होता. हे गेले ते ही बोच घेऊन.

आता परवाची गोष्ट. मास्तर वर्षश्राद्ध कधी आहे ते विचारायला आला होता. पडवीत बसला, पोत्याकडे बघत. मी सहज म्हटलं, "हे सगळे चांगले आहेत. एकही बिघडलेला नाही."

"माहीत आहे, वहिनी," तो म्हणाला. आता तो शिक्षकासारखं बोलतो. मग म्हणाला, "मला तेव्हाही माहीत होतं."

"म्हणजे?"

"परीक्षेला परभणीला गेलो होतो. तिथल्या कॅफेत खेळलो, तेव्हा लक्षात आलं. तिथे पावलं येत नव्हती. आपल्याच मशीनमध्ये काहीतरी आहे, हे कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"सीडी भाऊंनी आणलेली. भाऊंवरच आळ गेला असता."

महिनोन्महिने आम्ही तर्क लढवले, मेल लिहिले, हेडफोन बाद केले, आणि उत्तर त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर संकोचाने गप्प बसलेलं होतं. मला इतका संताप आला की मी त्याच्याकडे बघूसुद्धा शकले नाही.

"तो दोरा," तो पुढे म्हणाला. "आवाज कमी करून चाक बांधून ठेवायचो. बाहेरच्या मुलांना जेवढं ऐकू येत असेल तेवढंच आपल्याला यावं म्हणून. किती कमी केलं म्हणजे बरोबर, ते काही कळायचं नाही. अंदाजानेच."

"आणि तुझ्या आजोबांची गोष्ट?"

"ती खरी आहे. पण ती नसती तरी मी उचलला नसता." त्याने पोत्यावरून हात फिरवला. "एका सामन्यात दोरा सोडला होता, वहिनी. हरत होतो. पुण्यावाल्याने पाठवला तो तोच सामना."

म्हणजे त्या सोमवारी सगळ्यांनी नकळत केलेली चोरी नाकारली, आणि ती जाणूनबुजून करणारा एकमेव माणूस उचलायला नको म्हणाला. यांचा बेलभंडारा बरोबर चालला होता. यांनी हाकललं तेही अगदीच चुकीच्या माणसाला नव्हे. आणि तरी एका सामन्यासाठी त्याला चोर म्हणायचं, तर इतर सगळे सामने स्वतःच स्वतःचे कान बांधून खेळलेल्या मुलाला काय म्हणायचं, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

"हे यांना सांगितलंस कधी?"

"दर वेळी सांगायलाच यायचो. भाऊ चहा सांगायचे. मग राहून जायचं."

तो पोत्याचं तोंड सोडून आत चाचपू लागला. दोरा बांधलेला हेडफोन शोधत असावा. सापडला नाही. त्याने पोतं पुन्हा नीट बांधलं आणि भिंतीला लावून ठेवलं.

मी चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरातून "अहो, ऐकलंत का" असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. मग गॅस पेटवला. यांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. हसले असते की चिडले असते, तेही नाही. दर वेळी 'तुला न्हाई कळायचं' म्हणणाऱ्या माणसाला सांगण्यासारखी एक गोष्ट शेवटी माझ्या हाती आली, ती ही अशी, वर्षभर उशिराने.